माश्या घरी यायच्या आधी

खरबुजाच्या वेलाला आधी नुसती नर फुलं येतात. पिवळीधमक, दिसायला झकास. नवखा माणूस ती पाहून हुरळून जातो. जाणता माणूस थांबतो, कारण त्यांच्या मागून जी फुलं येतात त्यांच्या बुडाशी बोराएवढं हिरवं फळ असतं, आणि खरा खेळ त्या फुलांचा. ते फूल सकाळी उघडतं आणि संध्याकाळी मिटतं. तेवढ्या वेळात मधमाशी येऊन गेली तर फळ धरतं. नाही आली तर ते बोर पिवळं पडतं आणि हात लावताच गळतं.

हे तिला लग्न होऊन या शेतावर आल्यानंतर कळलं. आता मात्र शेत तीच बघत होती. नवरा पाण्याच्या पंपाचा आणि औताचा धनी, पण कोणता वेल कुठे वळवायचा, कुठला शेंडा खुडायचा, हे तिच्याच बोटांना ठाऊक. मागचं पीक गारांनी झोडपून नेलं होतं. यंदाचंही गेलं तर शेत दुसऱ्याला कसायला द्यायचं आणि नवऱ्यानं वीटभट्टी गाठायची, हे दोघांत बोलून झालं होतं. बोलून झालं म्हणजे नवरा म्हणाला होता, "मी काय म्हणतो, नाहीच जमलं तर..." आणि नेहमीप्रमाणे वाक्य अर्धं सोडून बाहेर गेला होता. उरलेलं अर्धं तिनं पुरं केलं होतं.

पहिली बोरं दिसली त्या दिवशी पहाटेच पेटीवाल्याचा टेम्पो शेताच्या टोकाला येऊन लागला. गेली काही वर्षं तो फुलोऱ्याला यायचा, मधमाश्यांच्या पेट्या बांधावर दगडांवर मांडायचा आणि फळ धरलं की उचलून पुढच्या गावी जायचा. मध त्याचा, फळ यांचं. उंच, किंचित वाकलेला माणूस, दाढी अर्धी पिकलेली, डोक्यावर विणलेली टोपी. बोलणं बेताचं. एरवी तो आला की तिला हायसं वाटायचं. चहाचं आधण चढायचं.

यंदा ती दाराआड उभी राहिली.

कारण आत खाटेवर तिचा धाकटा भाऊ झोपला होता. शहराच्या बाजारात तो भाजीची गाडी खाली करायला गेला होता आणि तिथे स्फोट झाला. माणसं मेली. हा वाचला, पण उजवा हात कोपरापासून भाजला आणि उजवा कान गेला. ज्या टोळीनं हे केलं तिनं धर्माचं नाव घेऊन वर छाती ठोकून सांगितलं, की आम्हीच केलं. स्फोटाचं सामान म्हणे फळांच्या पेट्यांतून आणलं होतं.

"आलात का?" ती दारातूनच म्हणाली.

"आलो, वहिनी. फुलोरा छान आहे. यंदा देव भरून देईल." मग तिचा चेहरा बघून त्यानं विचारलं, "घरी सगळं ठीक?"

"ठीक आहे," ती म्हणाली आणि आत गेली. चहा झाला नाही. पेटीवाल्यानंही विचारलं नाही.

त्या दिवसापासून तिचे डोळे बांधावर खिळले. वेल वळवताना, तण काढताना, पाणी देताना मान खाली आणि नजर तिरपी. माणूस तोच होता, कामंही तीच. पण संशयाचा चष्मा एकदा नाकावर बसला की सरळ रेघसुद्धा वाकडी दिसते. तो पेटीच्या झाकणाला कान लावून डोळे मिटायचा. का? धुराचा डबा घेऊन संध्याकाळीच फिरायचा. संध्याकाळीच का? फोन आला की पाठ वळवून हळू बोलायचा. वेळ झाली की चटई अंथरून नमाज पढायचा. हे सगळं तिनं दरवर्षी पाहिलं होतं आणि दरवर्षी विसरली होती. यंदा एकेक गोष्ट तिच्या मनात गोखरूसारखी रुतून बसली.

आणि एक पेटी त्यानं बाकीच्यांपासून लांब, बाभळीखाली ठेवली होती.

"वहिनी, त्या पेटीकडे कुणी फिरकू नका हं," त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "झाकणाला तर हातच लावू नका."

हे शेजारच्या शेतकऱ्यानं ऐकलं. त्याला सगळे रेडिओ म्हणत. बातमी त्याच्या कानात शिरली की तोंडातून बाहेर पडायला वेळ लागत नसे, आणि त्याला बंद करायचं बटण नव्हतं.

"हात लावू नका म्हणे!" बांधावर उकिडवा बसून रेडिओ म्हणाला. "माशीच्या पेटीत असं काय सोनं आहे? मी तर ऐकलंय, पलीकडच्या गावात पोलीस प्रत्येक टेम्पो उघडून बघतायत. उगाच का?"

"दरवर्षी येतो तो," ती म्हणाली. आपलाच आवाज तिला लेचापेचा वाटला.

"साप दरवर्षी त्याच बिळात येतो, म्हणून काय त्याला दूध पाजायचं? हे मुसलमान लोक, वहिनी, तोंडावर गोड. घरात तुमचा भाऊ होरपळून पडलाय आणि बांधावर ह्याच्या पेट्या. मी आपलं सांगायचं काम केलं."

सांगायचं काम करून तो गेला. काम मात्र तिच्या डोक्यात चालूच राहिलं.

भाऊ दिवसभर गप्प असायचा. ती सकाळी त्याच्या हाताची पट्टी सोडायची, तेव्हा नवी कातडी गुलाबी, ओलसर दिसायची. भांडं पडलं तरी तो दचकायचा. टेम्पोचा आवाज आला की भिंतीकडे तोंड करायचा. बोलला तर फार मोठ्यानं बोलायचा, कारण आपला आवाज त्याला नीट ऐकू येत नव्हता. कुणी हसलं की लाजून आणखी गप्प व्हायचा.

एकदा दुपारी ती भाकरी घेऊन खोलीत गेली तर खाट रिकामी. अंगण बघितलं, विहीर बघितली. शेवटी तो दिसला. बांधावर, पेट्यांच्या ओळीशी, गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. आणि पेटीवाला त्याच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगत होता. भाऊ मान डोलावत होता.

हातातली भाकरी तशीच राहिली. काय भरवतोय हा ह्याच्या कानात? बाजारात काय पाहिलंस, कुणाला पाहिलंस, असं विचारत असेल? का आपल्याकडे ओढत असेल? अशीच पोरं ओढतात म्हणे, दुखावलेली, एकटी पडलेली. तिनं लांबूनच हाक मारली. भावाला ऐकू गेली नाही. पेटीवाल्यानं मात्र चटकन वर पाहिलं आणि तो बाजूला झाला. तो बाजूला झाला, हेच तिला पुरावा वाटलं.

ती तशीच पंपावर गेली.

"त्याला जायला सांगा."

नवऱ्यानं पाना खाली ठेवला. "मी काय म्हणतो, फुलं तर आत्ता कुठे..."

"फुलांचं मी बघेन. भाऊ एकच आहे मला."

नवरा उठला. वाटेत रेडिओ भेटला, त्याला बोलवावं लागलं नाही. तिघं बांधावर गेले तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि शेतभर माश्यांची वर्दळ होती. भाऊ तोवर उठून विहिरीकडे गेला होता.

"पेट्या उचला," रेडिओच बोलला. "आत्ता."

पेटीवाल्यानं तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. त्यानं का म्हणून विचारलं नाही. उत्तर त्याला पाठ झालेलं असावं.

"उचलतो. फक्त संध्याकाळ होऊ द्या. माश्या सगळ्या बाहेर आहेत. अंधार पडला की आपापल्या पेटीत येतात, मग दारं बंद करून नेतो."

"आणल्या अंधारात, न्यायच्या अंधारात! उजेडाचं एवढं वावडं?"

"माझं नाही हो, त्यांचं आहे." तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला. कुणी हसलं नाही. मग तो तिच्याकडे वळला. "शेत तुमच्या हातचं आहे, वहिनी. तुम्ही सांगा."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा पंपाच्या दिशेनं बघत होता.

"आत्ताच न्या," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. गवताच्या मुठी उपटल्या आणि एकेका पेटीच्या दाराच्या फटीत कोंबू लागला. पेट्या उचलताना त्याच्या मानेवरच्या शिरा ताठ व्हायच्या. नवरा दोनदा हात लावायला पुढे झाला आणि रेडिओकडे बघून मागे आला. वेलांवरून परतणाऱ्या माश्या बंद फटींवर येऊन आपटत होत्या, पेटीवाल्याच्या बाह्यांवर, दाढीवर बसत होत्या. तो त्यांना झटकत नव्हता.

"आणि ती?" रेडिओनं बाभळीकडे बोट केलं. "ती उघडून दाखवा आधी."

"तिच्या माश्या फार रागीट आहेत. म्हणून तर लांब ठेवलीय. आत्ता उन्हात उघडली तर..."

"बघू तरी, काय रागीट आहे ते!" रेडिओ ताडताड गेला आणि त्यानं झाकण उचललं.

पुढचं सांगायला नको. रेडिओ शेतातून असा धावला की खरबुजाचे दोन ताटवे आडवे झाले. पेटीवाल्यानं आधी झाकण बसवलं, मग धुराचा डबा घेऊन त्याच्या मागे पळाला, त्याला खाली बसवला आणि नखानं त्याच्या गालावरचे, ओठावरचे काटे खरवडून काढू लागला. "चिमटीत धरू नका, विष आत जातं. मान वर करा. हं." रेडिओ डोळे मिटून बसला होता. ज्याच्या पेटीत काय आहे ते बघायला गेला होता, त्याच्याच हातात आता त्याची हनुवटी होती. ती त्याला झटकता येत नव्हती आणि सोसतही नव्हती.

त्या पेटीत माश्याच होत्या. तरीही कुणी 'राहू द्या' म्हणालं नाही. म्हणायचं ते तिनं म्हणायला हवं होतं. तिच्या ओठाशी शब्द आलाही, पण तोंडातून गेलेली आज्ञा परत घ्यायला जी जीभ लागते ती तिला सापडली नाही. टेम्पो धूळ उडवत गेला.

खरी गोष्ट त्यानंतर सुरू झाली. मागे राहिलेल्या माश्या शेतातून परत येऊ लागल्या. जिथे पेट्या होत्या नेमक्या तिथेच, दगडांच्या वर वीतभर उंचीवर, जिथे दार असायला हवं तिथे घिरट्या घालू लागल्या. आधी थोड्या, मग हजारोंनी. पायांना पिवळा पराग लडबडलेला. येत होत्या, शोधत होत्या, लांब जात होत्या, पुन्हा त्याच जागी येत होत्या. ती वेल सरळ करायच्या निमित्तानं तिथेच रेंगाळली. काम करून घरी यावं आणि घरच नसावं!

भाऊ विहिरीवरून आला आणि रिकाम्या दगडांकडे बघत उभा राहिला.

"पेट्या कुठे गेल्या?" त्यानं ओरडून विचारलं. त्याला वाटत होतं, आपण हळूच विचारतोय.

ती त्याच्या डाव्या बाजूला गेली. "घालवून दिलं त्याला. तुझ्यासाठीच."

"माझ्यासाठी?"

"तो तुझ्या कानात काय सांगत होता?"

"राणीमाशी खुशाल असली की पेटीचा आवाज कसा येतो, ते." भावाचा आवाज बांधाबांधावरून जात होता. "ताई, माझ्या ह्या कानात रात्रंदिवस भोंगा वाजतो. ऐकू काही येत नाही, पण भोंगा थांबत नाही. पेटीपाशी बसलं की तो त्या गुणगुणीत बुडून जातो. तेवढाच वेळ जरा बरं वाटतं मला. मीच गेलो होतो त्याच्याकडे. तो तर आधी म्हणाला, घरी विचारून ये."

ती वाकून पायाशी पडलेला वेल सरळ करू लागली.

"तुला काय वाटलं?"

"तुला ज्यांनी असं केलं ते..." ती अडखळली. "त्याच जातकुळीचा ना हा."

भाऊ बराच वेळ तिच्या ओठांकडे बघत राहिला. आपण नीट ऐकलं की नाही याची खात्री करत असावा.

"ज्यानं केलं त्याचं तोंड मी बघितलं नाही, ताई. धूर होता सगळा. रोज डोळे मिटले की मी ते तोंड शोधतो, सापडत नाही. आणि तू ह्याचं तोंड उचलून तिथे चिकटवून टाकलंस!"

पट्टी बांधलेला हात पोटाशी धरून तो दगडांजवळ बसला.

ऊन कललं तशा माश्या थकल्या. दगडांवर, एकमेकींना धरून, त्यांचे काळपट घोस जमले. हवेत गारवा आला. ती शेळी बांधायला म्हणून ओढ्याकडे गेली तर झुडपांआडून कुणीतरी वाकून, डोक्यावर काहीतरी घेऊन शेताकडे येत होतं. चोरपावलांनी. तिच्या हातात चाऱ्याचा विळा होता. तो तिनं घट्ट धरला.

"कोण आहे?"

आकृती जागच्या जागी थिजली. एक हात डोक्यावरच्या ओझ्याला होता, दुसरा त्यानं वर केला, पंजा उघडा. "मी आहे, वहिनी. पेटीवाला. रिकामी पेटी आहे ही. राहिलेल्या माश्या भरतो आणि जातो. थंडीत मरतील त्या."

"टेम्पो कुठे आहे?"

"पलीकडे ठेवलाय. आवाज ऐकून लोक जमले असते."

तो तिच्या तोंडाकडे बघत नव्हता, विळ्याकडे बघत होता. इतके दिवस ती या माणसाला भीत होती. तो आपल्याला भीत असेल, असं मात्र तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिनं विळा चाऱ्याच्या भाऱ्यात खुपसला. तेव्हाच त्याचा हात खाली आला.

त्यानं पेटी दगडावर ठेवली, आत मेणाच्या चौकटी होत्या. ओंजळभर माश्या त्यानं दारासमोर अलगद सोडल्या. क्षणभर काही झालं नाही. मग एक आत गेली, दुसरी गेली, आणि पाठोपाठ सगळ्या चालत निघाल्या, ओल्या मातीत पाणी जिरावं तशा. भाऊ चांगल्या हातानं दुसऱ्या दगडावरच्या माश्या हाकत होता.

"दुपारी तो उघडून दाखवा म्हणाला," पेटीवाला शेवटी म्हणाला, "त्याचं काही नाही. तो स्फोट झाल्यापासून मी जिथे जातो तिथे आधी सगळ्या पेट्या उघडून दाखवतो. कुणी मागायच्या आधीच. फक्त इथे दाखवल्या नाहीत." त्यानं झाकण बसवलं. "इथे गरज आहे असं वाटलं नाही मला."

यापेक्षा त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "पेट्या परत आणाल?"

तो लगेच हो म्हणाला नाही. वेलांकडे बघितलं, मिटलेल्या फुलांकडे बघितलं.

"आजची फुलं वाया गेली. उद्याचीही जातील. पेट्या नाक्यापलीकडे उतरवल्यात, आज पुन्हा हलवल्या तर माश्या बिथरतील. उद्या अंधार पडल्यावर आणता येतील. पण वाटेत नाक्यावर अडवतात. एकटा दिसलो की अंधारात सगळ्या पेट्या उघडायला लावतात. माश्या उठतात, कुणाला तरी चावतात, आणि मग मी आहेच. ह्या गावचं एक माणूस शेजारी बसलं तर येईन. नाहीतर नको, वहिनी. मी दमलोय आता."

"मालकांना पाठवते."

"मी जातो," भाऊ ओरडला. त्यानं ओठांवरूनच सगळं ओळखलं होतं.

चूक कबूल करणं वेगळं, आणि मरता मरता वाचलेला भाऊ तिन्हीसांजेला ह्याच्या टेम्पोत बसवून देणं वेगळं. खरंच माणूस चांगला आहे की चांगलं बोलतोय? ती रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी फुलं उघडली तेव्हा शेतात कमालीची शांतता होती. कालची बोरं पिवळी पडली होती. तिनं एकाला बोट लावलं, ते गळून मातीत पडलं.

संध्याकाळी टेम्पो रस्त्यावर आला. आवाजानं भाऊ दचकला, पण भिंतीकडे वळला नाही. तिनं त्याची पट्टी पुन्हा बांधली, बांधलेली गाठ पुन्हा सोडली, पुन्हा बांधली.

"ताई, जाऊ दे आता. अंधार पडायच्या आत पेट्यांपाशी पोचायचंय," तो म्हणाला.

तो टेम्पोत चढला. पेटीवाल्यानं तिच्याकडे पाहिलं. काहीतरी खात्री द्यावी असं त्याच्या मनात असावं, पण कशाची आणि का द्यायची, म्हणून त्यानं गाडी सुरू केली. तिलाही थांबा म्हणावंसं वाटत होतं. ती म्हणाली नाही. टेम्पोचा मागचा दिवा वळणाआड गेला.

तेवढ्यात बांधावरून रेडिओ आला. ओठ पुरीसारखा फुगलेला, एक डोळा मिटलेला.

"भाऊ... कुठे गेला?" शब्द कसेबसे बाहेर पडले.

"पेट्या आणायला."

"त्याच्या... बरोबर? आणि तुम्ही पाठवला?"

"पाठवला."

"आणि समजा काही..."

ती वळून रस्त्याकडे पाहू लागली. रस्ता रिकामा होता. समजा काही, हे तर तिच्याही छातीत धडधडत होतं, रेडिओनं सांगायची गरज नव्हती. पण गेलेल्या टेम्पोकडे बघत बसून तो काही लवकर येणार नव्हता. काल पेट्या उचलताना बांधावरचे दगड कलंडले होते. ते आत्ताच नीट बसवले नाहीत तर पेट्या तिरक्या राहतील.

"हा दगड एकटीला उचलत नाही," ती म्हणाली. "आलाच आहात तर पलीकडून धरा."

रेडिओनं एका डोळ्यानं तिच्याकडे पाहिलं, मग दगडाकडे. काहीतरी पुटपुटला, ते ओठाच्या सुजेत अडकलं. मग तो वाकला आणि त्यानं दगडाखाली हात घातला.